पश्चिमेच्या खिडकीचा पडदा

मी मोर्चातला निळा कापडी फलक बोलतोय. खरं तर मी पडदाच. फक्त चाळीस वर्षं झाली तरी अजून खिडकीला लागलेलो नाही.

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला त्यांच्या दुकानातल्या पश्चिमेच्या खिडकीसाठी आणलं होतं. मापही घेऊन झालं होतं. तेवढ्यात जगभरातल्या सरकारांची बैठक शहरात भरायचं ठरलं. धूर आवरा, नद्या घाण करू नका, ज्या देशांनी जास्त नासधूस केली त्यांनी जास्त भार उचला, अशा मागण्या घेऊन मावशींच्या ओळखीची माणसं तिथे निघाली होती. त्यांना फलक हवा होता. मावशींनी मला पुढे केलं.

पांढऱ्या कापडाची अक्षरं कापून त्यांनी माझ्यावर लावली: ‘विकास हवा, नातवंडांच्या पोटावर पाय देऊन नको! सरकारांनो, शब्द पाळा!’ खाली सरकारांनीच कबूल केलेलं साल. सगळं हाताने, कच्च्या टाक्यांनी.

“मावशी, मशीन असताना हाताने कशाला?” शेजारणीने विचारलं.

“अगं, ते साल आलं, मागण्या मान्य झाल्या, की उसवायचंय ना! मला माझा पडदा परत हवाय.”

केवढी खात्री होती बाईला! मलाही होती. खिडकीबाहेर तेव्हा झाडं होती, त्यामुळे पडद्याची घाईही नव्हती.

ते साल आलं. साहेब लोक जमले, हसतमुखाने फोटो काढले आणि मुदत दहा वर्षं पुढे ढकलली. मावशींनी जुन्या सालावर नवीन सालाचं ठिगळ लावलं. दहा वर्षांनी आणखी एक, मग आणखी एक. त्या कोपऱ्यात मी इतका जाड झालोय की तिकडून खालीच ओढला जातो.

मध्यंतरी रस्ता रुंद करताना खिडकीबाहेरची झाडं गेली. दुपारचं ऊन थेट मशीनवर येऊ लागलं. मावशी डोळे बारीक करून शिवायच्या, पण दुसरा पडदा काही आणला नाही.

मी मात्र कुठल्या कुठल्या कुंपणांवर टांगला गेलो, ते विचारू नका. घोषणा ऐकून कान किटले. एकदा माझं एक अक्षर निसटून पोलिसाच्या टोपीवर पडलं. बिचाऱ्याने ते झटकून आणून दिलं आणि हळूच म्हणाला, “नीट लावा, बाई. माझीही नातवंडं आहेत.” बैठकीतल्या कुणी मला एवढंही वाचलं असेल, असं वाटत नाही.

मावशींची मुलगी चिमी माझ्याच वयाची. आता मागण्यांची फाइल तीच घेऊन जाते. काल दुपारी ती दुकानात आली आणि खुर्चीत मटकन बसली.

“आई, पुन्हा मुदत वाढवली गं. उद्या बैठकीचा शेवटचा दिवस. नवीन साल लावून देतेस?”

मावशींनी आकडे कापले, मला मशीनखाली सरकवलं आणि पायाने मशीन चालवलं. एकदा शिवलं, त्यावरून पुन्हा एकदा. पक्की, दुहेरी शिलाई. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी काय ते समजलो.

चिमीही समजली. “आई, हे उसवताना कापड फाटेल.”

“उसवायचंय कुणाला? उद्या बाजारातून साधासा पडदा घेऊन ये. ऊन सोसवत नाही गं आता.”

इतकं थकलेलं बोलणं मी कुठल्याच मोर्चात ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. पण कापड रडलं तरी कळणार कुणाला?

चिमीने मला उचललं, खिडकीजवळ नेलं आणि कात्रीच्या टोकाने ते टाके एकेक करून काढायला बसली. तासभर लागला. मग सुईत दोरा ओवून तिने साल पुन्हा लावलं. तिला शिवणकाम येत नाही. आकडे वाकडेच बसले.

मावशींनी चष्मा सारखा करून पाहिलं. “टाके केवढे लांब घातलेस!” एवढंच म्हणाल्या. बाजारातल्या पडद्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

आज मी बैठकीच्या इमारतीसमोर कुंपणावर टांगलेला आहे. काळ्या काचांच्या गाड्या आत चालल्या आहेत. साहेब लोकहो, मी दमलोय. काच जरा खाली करा आणि मला वाचा. माझे टाके फार दिवस टिकणार नाहीत. टिकू नयेत म्हणूनच चिमीने ते तसे घातलेत.