थोरल्यावर हात

महिपत पहिल्याच ठोशात मेला. पण ते घडलंच नाही असं धरून चालू. त्याची आई येसूबाई तसंच धरून चालते आणि रोज त्याचं ताट वाढते.

तर, मुंबईच्या गोदीत काम करणारा महिपत बॉक्सिंगची लढत ठरवून सरावासाठी गावी, वरंधला आला. पहाटे तो धावत घाट चढायचा, मग फणसाला टांगलेलं तुसाचं पोतं बडवायचा. पोतं फाटलं तेव्हा त्या जागी धाकटा भाऊ सहदेव उभा राहिला. पोतं निदान हलायचं.

"तूपण मार रे! तोंडावर मार!"

"थोरल्यावर हात कसा उचलू, दादा?"

"अरे, सराव हाय ह्यो!"

ओटीवरून येसूबाई म्हणाली, "सरावात तो थोरला नाय काय? सहद्या, हात उचललास तर भाकर नाय."

सहदेवाचे दोन दात पडले, पण हात उठला नाही. महिपत खूश होता. महिनाभर एकही ठोसा न लागल्याने तोंडापुढे मुठी धरायची त्याची सवयच गेली.

लढतीत समोर आला तो त्याच्याहून वयाने लहान पोरगा. महिपत निर्धास्तपणे हात खाली सोडून पुढे झाला. कडेला बादली धरून उभ्या सहदेवाला ओरडावंसं वाटलं, पण थोरल्याला शिकवायचं कसं?

तेराव्यानंतर त्याने महाडला जाऊन अर्ज लिहवून घेतला: "मेहेरबान मामलेदारसाहेब यांस विनंती की, धाकट्या भावास थोरल्याच्या तोंडावर ठोसा मारण्याची परवानगी मागील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मिळावी."