बेचाळीस नावं

“आधी थांबायला सांग. बाकीचं मागाहून.”

मास्तरांचा हा आवाज ताईंच्या कानात अकरा वर्षं होता. त्या रविवारी सकाळी सव्वासहाला संगणकासमोर बसल्या बसल्या तो पुन्हा आला. पडद्यावर मात्र थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जिथे रोज डायलिसिस केंद्राचा पाळ्यांचा तक्ता उघडायचा, तिथे एक राखाडी चौकोन होता आणि त्यात एक ओळ : हा मजकूर आता या ब्राउझरमध्ये दिसणार नाही.

ताईंनी पान पुन्हा उघडलं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहिलं. लेक सासरी जाताना ठेवून गेलेला जुना लॅपटॉप कपाटातून काढला, पुसला, लावला. इंटरनेटला जोडताच तोही बदलला; तिथेही तोच चौकोन. तक्ता ज्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता ते ब्राउझर बंद करणार हे त्यांना ठाऊक होतं, पण तारीख महिनाअखेरीची होती. कुणाला न विचारता यंत्रांनी परस्पर स्वतःला नवं करून घेतलं होतं.

चहा निवून गेला. यजमान म्हणाले, “अगं, रविवार आहे. आज तरी पाय हलवायचं थांबव. टेबल नाचतंय.”

ताईंनी गुडघ्यावर हात दाबून धरला. हात काढला की पाय पुन्हा सुरू.

त्यांचा एक नेम होता. आंघोळ झाली की चहाच्या आधी तक्ता उघडायचा आणि सगळी बेचाळीस नावं वरपासून खालपर्यंत मनात म्हणायची. सात खुर्च्या, दिवसाला तीन पाळ्या. सोम-बुध-शुक्रची माणसं वेगळी, मंगळ-गुरू-शनिची वेगळी. कुठे नावाची जागा रिकामी दिसली तर आठ वाजता केंद्रात फोन करून विचारायचं. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. ताप असला तरी चुकलं नव्हतं. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मेंदीचे हात जपत, एका बोटाने पान सरकवत त्यांनी नावं म्हटली होती.

मूळच्या त्या चित्रं काढणाऱ्या. लहान मुलांच्या धड्यांच्या फिल्म बनवणाऱ्या कचेरीत बोलक्या प्राण्यांचे ओठ हलवणं हे त्यांचं काम. एका खारीच्या ओठांचे आठ आकार, सेकंदाला बारा चित्रं. कचेरीत त्यांना ओठवाल्या ताईच म्हणत. मग मुलांच्या फिल्मचं काम आटलं आणि साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, त्याच सॉफ्टवेअरमध्ये हल्ली धंद्याची कामं होतात, फॉर्म, नोंदी, याद्या, सगळं वेबवर चालतं; डायलिसिस केंद्राचं काम आलंय, सहा आठवडे आहेत. “टूल तुम्हाला येतंच ताई, त्यातल्या आज्ञांची स्क्रिप्ट तेवढी शिका.” जमलं नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. खारीची चित्रं ठेवलेलं कपाट तेवढं त्याच दिवशी बाहेर व्हरांड्यात गेलं.

शिकवायला मास्तर. कचेरीतले जुने प्रोग्रॅमर. कुणालाही फळ्यावर नेऊन समजावायची सवय, म्हणून मास्तर. त्यांना स्वतःला आठवड्यातून तीनदा त्याच केंद्रात जावं लागे. मंगळ-गुरू-शनि, पहिली पाळी, खुर्ची चार. कचेरीत त्यांना वेळ नसायचा, म्हणून ताई सकाळी सातला केंद्रातच जाऊन बसू लागल्या. मास्तरांचा डावा हात सुयांनी अडकलेला, उजवा मोकळा. त्या मोकळ्या हाताने ते औषधांच्या कागदाच्या पाठीवर चौकोन काढत.

“हे बघ. तुझी खार काय करते? पहिल्या चित्रातून दुसऱ्यात जाते, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिला चालायचंच माहीत. फॉर्मला चालून चालत नाही. माणूस नाव लिहीपर्यंत त्याने गप उभं राहायला हवं. म्हणून प्रत्येक पानाला आधी थांबायला सांग.”

ताईंनी रोज एक धडा आणि तीन उदाहरणं असा नेम धरला. डोक्यात आज्ञा, कंस आणि अर्धविराम फिरत राहत. आमटीत मीठ दोनदा पडे नाहीतर पडतच नसे. यजमान म्हणत, तुझ्या त्या स्क्रिप्टमध्ये मिठाची पण एक ओळ लिही. चौथ्या आठवड्यात पहिला फॉर्म भरला गेला, नाव यादीत जाऊन बसलं. ताईंनी पडद्याला हळूच हात लावून पाहिला, खारीला पहिल्यांदा बोलताना पाहून लावला होता तसा.

सहाव्या आठवड्यात तक्ता केंद्राच्या काउंटरवर चाचणीसाठी लागला. गुरुवारी सकाळी नऊला डॉक्टरांपुढे तो दाखवायचा होता. ताई मास्तरांना म्हणाल्या, तुम्ही समोर बसाल का, म्हणजे माझी जीभ चालेल. मास्तर हसले. शुक्रवारी दुपारी एक खुर्ची रिकामी होती. आपली गुरुवारची पाळी तिकडे हलव म्हणाले. “बघू तरी तुझं यंत्र माझं ऐकतं का.”

काउंटरवरच्या बाईंच्या शेजारी उभं राहून ताईंनी स्वतः ते दाखवलं. ‘पाळी बदला’चं बटण, मास्तरांचं नाव, ‘नक्की’. नोंद झाली, असं पडद्यावर आलं. बाई म्हणाल्या, हे तर माझ्या नातवालाही जमेल.

गुरुवारी मास्तर पहिल्या रांगेत बसले. सगळं सुरळीत झालं. डॉक्टरांनी मान डोलावली. साहेबांनी ताईंना पहिल्यांदा समोरची खुर्ची दिली.

शुक्रवारी मास्तर कचेरीत आले नाहीत. दुपारी पाळी आहे, म्हणून कुणी विचारलंही नाही. शनिवारी सकाळी ताई आनंदाने केंद्रात गेल्या, तर खुर्ची चारवर मास्तरांचा चेहरा ओळखू येईना. डोळे सुजून बारीक झालेले, दोन शब्दांमध्ये धाप. काउंटरवरच्या बाईंनी दबक्या आवाजात सांगितलं. शुक्रवारच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. रिकामी दिसली म्हणून ती खुर्ची दुसऱ्याला दिली गेली होती. तीन तास ते बाकावर बसले, कुणाशी भांडले नाहीत, आणि घरी गेले. मंगळवारनंतर थेट शनिवार.

ताईंनी तिथेच लॅपटॉप उघडला. चूक शोधायला दहा मिनिटं लागली. ‘पाळी बदला’च्या बटणावर ‘जा आणि थांब’ लिहायचं, तिथे त्यांच्या हाताने ‘जा आणि चालू लाग’ लिहिलं होतं. इतकी वर्षं खारीला चालवायचीच हाताला सवय. पान उघडताच एका चित्राने पुढे सरकायचं, आणि पुढचं पान होतं ‘पाळी रद्द करा’. दोन्ही पानं ताईंनी एकावरून एक उतरवलेली. तीच चौकट, तेच बटण त्याच जागी, फरक काय तो मथळ्याचा. सेकंदाच्या बाराव्या भागात बदललेला मथळा त्यांच्याही नजरेला पडला नव्हता. ‘नक्की’ म्हणताच पाळी हलली नव्हती, रद्द झाली होती.

त्यांनी ते मास्तरांना सांगितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज त्यांनी खाली ठेवला; शेजारच्या खुर्चीवर माणूस झोपला होता.

“चूक तुझी नाही, असं मी म्हणणार नाही,” मास्तर म्हणाले. “तुझीच आहे. माझीही थोडी. मी तपासलं नाही.” मग बराच वेळ ते श्वास गोळा करत राहिले. “हे टूल काही जन्मभर पुरणार नाही, ताई. जाईल एक दिवस. तेव्हा दुसरं शीक. तोवर भिंतीवर कागद लाव हवा तर. पण दारात येऊन ‘माझं नाव कुठाय’ असं कुणाला विचारायला लागू नये. एवढं बघशील?”

“बघेन,” ताई म्हणाल्या.

पुढे दोन वर्षांनी मास्तर गेले. त्यांच्या हृदयाने हात टेकले. त्या दोन वर्षांत तक्त्यात त्यांची एकही पाळी पुन्हा चुकली नाही. त्या शनिवारपासून धरलेला नावं म्हणायचा ताईंचा नेम चालूच राहिला.

नऊच्या सुमाराला काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. रविवारी केंद्र बंद असतं, पण त्या सामान लावायला आल्या होत्या. “ताई, इथे नुसता राखाडी डबा दिसतोय. उद्या पहाटे माणसं आली की मी काय त्या डब्याला नावं विचारू? मागच्या आठवड्यात आठ पाळ्या बदलल्यात, माझ्या लक्षात कुठल्या राहायला.”

ताईंनी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, हे बंद होणार हे केंद्राला वर्षापूर्वीच कळवलंय. नवं सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात येतंय, तुमच्याकडे आता ते काम नाही, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता. माहिती कुठे जात नाही, सर्व्हरवर आहे. उद्या दुपारी माणूस काढून देईल.

“आणि सकाळी सहाला?”

“सकाळचे येतील की आपापले.”

मास्तरही त्या शुक्रवारी आपापलेच आले होते. ताईंनी बरं म्हणून फोन ठेवला.

दिवसभर त्या घरात फिरत राहिल्या. डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. संगणकाच्या नव्या भाषेचं पुस्तक उघडलं. एकसष्टाव्या पानापर्यंत त्या आल्या होत्या, बासष्टावं डोक्यात शिरेना. यजमान म्हणाले, कुणाला विचारायचंय ते विचारून तरी घे. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात त्या एकदम उभ्या राहिल्या. विचारायचं कुणाला? शनिवारी सकाळी त्यांनीच तर म्हटली होती सगळी, बदललेल्या पाळ्यांसकट.

त्यांनी मोठे कागद घेतले, पट्टीने रेघा मारल्या आणि डोळे मिटून सुरुवात केली. सोमवार, पहिली पाळी, खुर्ची एक. पोथी म्हणावी तशी नावं एकामागून एक येत गेली. अडलं तर मागच्या नावापासून पुन्हा. यजमानांनी चहा आणून ठेवला.

मंगळवारच्या कागदावर, पहिल्या पाळीत, खुर्ची चारसमोर पेन्सिल आपसूक चालली. लिहून झाल्यावर त्यांनी पाहिलं. मास्तरांचं नाव. नऊ वर्षं झाली होती.

त्यांनी खोडरबर घेतलं आणि सावकाश पुसलं. कागदावर अक्षरांचा दाब तसाच राहिला. त्यावरच त्यांनी आता तिथे बसणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंचं नाव लिहिलं आणि पुढे गेल्या. शेवटी मोजली. बेचाळीस भरली.

सोमवारी पहाटे पाचला आंघोळ करून त्यांनी कागदांची गुंडाळी पिशवीत ठेवली, चिकटपट्टी ठेवली, एकसष्टाव्या पानावर खूण घातलेलं पुस्तक ठेवलं. यजमान कूस बदलत म्हणाले, “एवढ्या लवकर कुठे?”

“यादी लावून येते. पहिली पाळी सहाला असते.”

खोडरबरचा चुरा अजून बाहीला होता. तो त्यांनी उंबऱ्याबाहेर झटकला आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.