‘कीप’ची दोन पानं

अबोला धरायचा तर माणसांनी निदान वेगवेगळ्या खोल्यांत बसावं. या दोन जावांच्या नशिबी तेही सुख नव्हतं. घराच्या खालच्या मजल्यावर सासऱ्यांनी सुरू केलेला छापखाना होता आणि त्याच्या मागच्या खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून, दोघी प्रुफं तपासत. धाकटीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, थोरलीने लाल पेन हातात घेऊन छापील कागदावर डोळा ठेवायचा. दिवसभर आवाज चालू म्हणून धाकटीला घरात ‘रेडिओ’ म्हणत. थोरलीच्या नजरेतून टिंबसुद्धा सुटत नसे, म्हणून ती ‘भिंग’.

तर सध्या रेडिओ आणि भिंग यांच्यात विस्तव जात नव्हता. झालं होतं असं, की धाकटीच्या नवऱ्याला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली आणि ही बातमी धाकटीने जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर सांगितली. थोरलीला ते झोंबलं. इतकी वर्षं जिच्या समोर बसलो, तिने हे आधी आपल्या कानात सांगू नये? त्या रागात तिची जीभ सैल सुटली. ‘‘जायचं तर खुशाल जा. इथं तुझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.’’ धाकटीने ताट उचललं, धुऊन ठेवलं आणि वर निघून गेली. त्यानंतर दोघींमध्ये एक शब्द नाही.

म्हणजे कामाबाहेरचा नाही. काम तर नुसतं बोलण्याचंच होतं. शाळेतल्या मुलांसाठी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश छापायला आला होता. तो एका निवृत्त मास्तरांनी हाताने लिहिला होता आणि एकेका अर्थाला स्वतः रचलेलं उदाहरण दिलं होतं. धाकटी ते सगळं विरामचिन्हांसकट वाचायची. ‘‘जंप, क्रियापद, उडी मारणे, स्वल्पविराम, दचकणे, पूर्णविराम.’’ थोरली म्हणायची, ‘‘बरोबर.’’ चुकलं किंवा ऐकू आलं नाही तर, ‘‘पुन्हा.’’ सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलावरून इतके शब्द इकडून तिकडे जात आणि त्यातला एकही एकीने दुसरीला म्हटलेला नसे.

रविवारी सामानाची गाडी येणार होती आणि शुक्रवार उजाडला होता. थोरलीला ते बोलणं मागे घ्यायचं होतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिने मनाशी किती वाक्यं जुळवून पाहिली. पण टेबलाशी बसलं की तोंडात मिठाची गुळणी. घरात थोरलं असण्याचा हा एक मोठा तोटा असतो. सगळे तुमच्याकडे माफी मागायला येतात, त्यामुळे मागायची कशी हे तुम्हाला शिकायलाच मिळत नाही.

दुपारी ‘कीप’ आला. एवढासा शब्द, पण मास्तरांनी त्याला तब्बल दोन पानं दिली होती.

‘‘कीप,’’ धाकटीने सुरुवात केली. ‘‘क्रियापद. ठेवणे, स्वल्पविराम, जवळ बाळगणे. उदाहरण, किल्ली तुझ्याकडेच ठेव, पूर्णविराम.’’

‘‘बरोबर.’’

‘‘सांभाळणे, स्वल्पविराम, जपणे. पाळणे, कंसात जनावर किंवा शब्द. राखणे, कंसात गुपित. टिकणे, उदाहरण, उन्हात दूध टिकत नाही, पूर्णविराम.’’

‘‘बरोबर.’’

थोरलीला वाटलं, आपल्याकडे या कामांना केवढी माणसं नेमली आहेत. जपणारा वेगळा, राखणारा वेगळा, पाळणारा वेगळा. इंग्रजीने मात्र सगळा भार एकाच गड्याच्या डोक्यावर दिला आहे. एरवी हे तिने लगेच बोलून दाखवलं असतं आणि धाकटी खो खो हसली असती. आज तिने ओळीखाली बोट सरकवलं.

‘‘पुढचा अर्थ,’’ धाकटी म्हणाली. ‘‘थांबवणे, स्वल्पविराम, अडवून ठेवणे. उदाहरण.’’ ती जरा थांबली. ‘‘ती जाते म्हणाली तेव्हा तिला कुणी राहा म्हटलं नाही, पूर्णविराम.’’

थोरलीचं बोट जागीच राहिलं. प्रुफात होतं, ‘कामाने मला कचेरीत अडवून ठेवले.’ तिला आधी वाटलं, टाइप करणाऱ्याने घोळ घातला. धाकटी वाचण्यात कधी चुकत नसे.

‘‘पुन्हा,’’ ती म्हणाली.

धाकटीने पुन्हा तेच वाचलं. मान खाली होती, पण डोळे ओळीवरून सरकत नव्हते आणि शेवटच्या पूर्णविरामाशी आवाज फाटला.

‘बरोबर’ म्हणून पुढे जाता आलं असतं. धाकटीने निमूटपणे पुढचा अर्थ वाचला असता, मग शनिवार गेला असता आणि मग गाडी आली असती. थोरलीने पेनाला टोपण लावलं.

‘‘इथं नाहीये ते वाक्य,’’ ती म्हणाली. ‘‘असायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं.’’

धाकटीने हस्तलिखित बाजूला सारलं.

‘‘तू मला आधी सांगितलं नाहीस, त्याचा राग आला मला. सगळ्यांबरोबर सांगितलंस. मी काय पाहुणी आहे?’’

‘‘तुला एकटीला सांगायला आले असते तर रडले असते, ताई. दोनदा आले होते इथं दारापर्यंत. मग म्हटलं, सगळ्यांसमोर सांगावं, म्हणजे रडता येणार नाही.’’

हे थोरलीच्या ध्यानीमनीही नव्हतं. ‘‘आणि मी म्हटलं, कुणाचं अडत नाही. आता सोमवारपासून वाचणार कोण? तुझे मोठे दीर वाचायला बसले की अर्ध्या पानात घोरायला लागतात.’’

‘‘म्हणजे कामापुरतंच अडतंय.’’

‘‘नाही.’’ थोरलीला हे अवघड जात होतं. ‘‘कामाला मिळेल कुणीतरी. मला करमायचं नाही गं.’’

मग तिने ते म्हटलं. ‘‘जाऊ नकोस. राहा.’’

तिकडे भाड्याने जागा घेऊन झाली होती, मुलीचं नाव शाळेत घालून झालं होतं, अर्धी भांडी खोक्यांत गेली होती. हे सगळं थोरलीला पाठ होतं. तरी ती अगदी मनापासून म्हणाली.

धाकटीने तळहाताने डोळे पुसले. ‘‘आता कसं जमेल, ताई?’’

‘‘ते मला माहीत आहे. तरी राहा.’’

‘‘नाही गं जमायचं,’’ धाकटी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. तिला अजून एकदा ‘राहा’ ऐकून अजून एकदा नाही म्हणायचं होतं, हे थोरलीला दिसत होतं. म्हणून थोरलीने ते अजून एकदा म्हटलं.