मेणाने बुजवलेली भोके

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी झारी आहे. रोपवाटिकेतल्या माळ्याने मला विकत आणले आणि पहिल्याच दिवशी माझी निम्मी भोके मेणाने बुजवून टाकली. मला फार वाईट वाटले. त्याच्या लहानग्या लेकीलाही पटले नाही.

"बाबा, पाणी कमी पडेल ना."

"अगं, बाळरोपं आहेत ती. आंघोळ नाही घालायची, पाणी पाजायचंय."

तेव्हा वस्तीमागची टेकडी बोडकी होती. पावसाळ्यात तिची माती घराघरांत शिरायची आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा. माळी दर वर्षी रोपे घेऊन टेकडी चढायचा. "टेकडीला केस लावायला निघाला," असे म्हणून लोक हसायचे. झाडे वाढली, तशी त्यांच्या मुळांनी माती धरून ठेवली. भर उन्हाळ्यातही विहिरीत बादली बुडू लागली. सुताराला वाळके लाकूड मिळाले. हसणारेच दुपारी तिथल्या सावलीत डुलक्या काढू लागले. माळ्याचे कौतुक झाले. माझे नाव कोणी घेतले नाही. पुढे रबरी नळी आली आणि मी कोपऱ्यात गेले. बाळरोपांसाठी मात्र तो मलाच उचलायचा.

टेकडीची एक उघडी पट्टी तेवढी राहिली होती. तिच्यासाठी त्याने तीस रोपे तयार केली आणि ती लावण्याआधीच तो गेला.

घर आवरताना लेकीच्या आत्याबाईंनी मला उकळत्या पाण्याने लख्ख घासले. सगळे मेण वितळून गेले. लेक रोज न चुकता पाणी घालत होती, तरी आठवडाभरात रोपे माना टाकू लागली.

"बाबांसारखं मला नाही जमायचं, आत्या."

"तुझा बाप काय जादूगार होता? पण त्याची झारी अशी बदाबदा नव्हती गं ओतत."

लेकीने माझ्या तोंडावरून बोट फिरवले. सगळी भोके उघडी होती. मग तिने मेणबत्ती आणली आणि एकेक भोक बुजवत गेली. तिला सवय नव्हती, त्यामुळे दोन-तीन भोके जास्तच बुजली. मी तक्रार केली नाही.

अकरा रोपे जगली. आज ती त्या पट्टीवर लेकीच्या खांद्याला लागतात.

मित्रांनो, झाडे लावा आणि ती मोठी होईपर्यंत त्यांना विसरू नका. आणि घरातली एखादी जुनी वस्तू घासून लख्ख करण्याआधी, ती तशी का आहे ते विचारून घ्या. सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच विचारा.