येतो माझा बंधुराव

येरमाळ्याच्या स्टँडवर बार्शीची एसटी थांबली आणि कोंडीराममामा उतरले. सरळ दीपमालाच्या शिलाईच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले.

"वळखलं का सूनबाई? मेलेला माणूस आलाय, पाणी तरी पाज."

दीपमालाच्या हातातलं ब्लाऊज मशीनवरच राहिलं. मामा तिच्या सासूचे, कमलबाईंचे, पाठचे भाऊ. बायको महेश्वरीसोबत राहायला सोनारीला. दाराआडच्या खोलीत कमलबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या, त्यांचे हात आवाज ऐकूनच थांबले.

"काय बोलतोस रं कोंडू, देवीच्या दारात?"

"म्या न्हाय, लोक बोलाय लागलेत अक्का. परवा म्या ओट्यावर चहा पितोय, तर भूमहून महेश्वरीची मावसबहीण आली, तोंडाला पदर लावून. दारातच गळा काढला. म्या कप घेऊन उभा राह्यलो, तर बाई खालीच बसली!"

मामा हसले, पण ते हसू अर्ध्यातच विझलं. "महेश्वरी हसली न्हाय गं. तवापास्नं कपाळाला हात लावून बघती, कुंकू हाय का. दिसातनं धा येळा. मोबाईलात कुणीतरी लिवलंय म्हणं."

कुणी लिहिलं होतं ते दीपमालाला ठाऊक होतं.

दोन वर्षं झाली, दर मंगळवारी सासू पाखडायला बसली की ती समोर वही घेऊन बसायची. सूप वरखाली व्हायचं, फोलपट उडायचं आणि त्या लयीत ओवी यायची. ती ओवी दीपमाला मोबाईलवरच्या आपल्या पानावर टाकायची. वाचणारे दोनशे, लई झालं तर अडीचशे. गेल्या मंगळवारी आत्यांनी, म्हणजे सासूनं, ही ओवी दिली होती:

सोनारीच्या वाटंला उन्हाचा लई ताव,
घागर भरून ठेवते, येतो माझा बंधुराव.

वहीत ती तशीच आहे. टाकताना मात्र दीपमालाचं बोट थबकलं. येतो, तर येतो, त्यात काय? तिनं 'येतो माझा' खोडून 'न्हाय आला' केलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या: भावाला जाऊन सात वर्षं झाली, आई अजून घागर भरते. संध्याकाळपर्यंत अकरा हजार माणसांनी ते पुढं पाठवलं. पुण्याच्या निकिताचा फोन आला. तिच्या पानावर लाखांनी लोक. शनिवारी कॅमेरा घेऊन येते म्हणाली, "फक्त ती घागर आणि आईंचे डोळे, बाकी काही नको."

"आत्या," दीपमाला दारात येऊन म्हणाली, "ते मी लिहिलंय."

"वाच."

तिनं वाचलं. तिचं तिलाच ऐकवेना. मामा चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"हे म्या गायलेलं न्हाय," कमलबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ओवीत भाऊ येतोच बाई. तुला ठावं न्हाय, आमचा थोरला व्हता, बिराप्पा. कोंडू लहान व्हता तवा गेला. त्याच्या माघारी पहिल्या सणाला जात्यावर बसले, तोंडातनं हीच ओवी आली. गेला म्हणून कशी म्हणू? येतोच म्हणलं. आज चाळीस वर्षं येतोय त्यो. आन् तू ह्या जित्याला लावून दिलंस."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दादाची व्हय ती? अक्का, मला वाटायचं माझीच हाय."

"तुझीबी हायच की. घागर एकच असती."

जे रडू दीपमालानं बाहेरून चिकटवलं होतं, ते त्या 'येतो'मध्येच होतं, आणि दोन वर्षं समोर बसून तिला ऐकू आलं नव्हतं.

कमलबाईंनी सूप उचललं, परत खाली ठेवलं. "आता तू पुढं बसलीस तर माझ्या तोंडी यायचं न्हाय."

त्याच दुपारी दीपमालानं लिहिलं: कोंडीराममामा जिवंत आहेत, आज आमच्या घरी दोन भाकरी खाऊन गेले. ओवी मी बदलली होती. खरी अशी आहे. निकिताला तिनं फोन करून तेच सांगितलं. निकिता म्हणाली, "अगं, हे कशाला सांगितलंस? चाललं असतं." शनिवारी कुणी आलं नाही. लोकांनी खोटारडी म्हटलं, कुणी म्हटलं आमचे अश्रू परत कर. निम्मे निघून गेले.

पुढच्या मंगळवारी नुसतं सूप वाजलं. दीपमालानं लिहिलं, 'आज आत्या गायल्या नाहीत.' त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. सहा मंगळवार तेच. त्या दिवसांत तिला 'न लिहिता कसं राहू' यापेक्षा 'ऐकू कसं' हेच जास्त छळत होतं.

चैत्री यात्रेला मामा आले ते महेश्वरीमामींना घेऊन. गावच्या येडेश्वरी देवीच्या यात्रेत चुनखडीच्या रानात प्रत्येकानं पाच खडे वेचून ढिगावर टाकायचे असतात. त्या गर्दीत तिघी वाकून वेचत होत्या. मामींचा हात मधूनच कपाळाकडं जायचा आणि पांढऱ्या बोटांचा ठसा कुंकवाशेजारी उमटायचा. कमलबाईंनी ते पाहिलं. पाच खडे झाले होते, त्यांनी सहावा उचलला, ओंजळीत धरला आणि कुणाकडं न बघता म्हणाल्या,

चुनखडीच्या रानात पांढरी झाली वाट,
कपाळभरून कुंकू, माझी भावजय चाले ताठ.

मामी खरंच ताठ उभ्या राहिल्या.

दीपमालाचा मोबाईल पिशवीत होता. तिथंच राहिला.

"ऐकलंस का?" कमलबाईंनी विचारलं.

"ऐकलं आत्या."

"म्हणून दाव."

तिनं म्हणून दाखवली. 'माझी'वर जरा अडखळली, पण शब्द एकही हलला नाही.

"लिहू का?"

"मला काय इचारतीस? जिचं कपाळ तिला इचार."

मामींनी पदरानं बोटं पुसली. "लिही. पण खाली लिही, भावजय म्हंजी महेश्वरी, सोनारीची. आन् नवरा संगं आलाय म्हणून लिही. तिकडं पलीकडं उसाचा रस पितोय."