सीटची उंची

जुनी गाडी विकायची हे घरात एका संध्याकाळी ठरलं. नवी कोणती घ्यायची यावर मात्र महिना गेला तरी एकमत होईना.

धाकट्या दिराला जीपसारखी उंच गाडी हवी होती. "वहिनी, उंच गाडी आरशात दिसली की पुढचा आपोआप बाजूला होतो," असं तो सांगे. तो स्वतः पलीकडच्या गल्लीत राहायचा आणि गाडी त्याची नव्हतीच, पण आवाज त्याचाच सगळ्यात मोठा. नवऱ्याला उंच गाडीचा मोह होता आणि गल्लीच्या तोंडाशी ती वळणार कशी याची धास्तीही होती, त्यामुळे तो दिवसाआड मत बदलत होता. आठ वर्षांच्या मुलीची एकच अट होती: कुत्र्याला मागे पसरून झोपता आलं पाहिजे आणि त्याला बाहेरचं दिसलं पाहिजे.

राहिली थोरली सून. ती बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात ठेवायचे, फुटेपर्यंत दाबायचे आणि कोणता किती भाराला फुटला ते लिहायचं, हे तिचं अठरा वर्षांचं काम. घरातला कुठलाही प्रश्न तिच्या हाती आला की त्याचा तक्ता व्हायचा. गाड्यांचाही झाला, आणि त्या तक्त्यात सगळ्यात वर येत होती क्रॉसओव्हर वॅगन. साध्या मोटारीची ही लांबट बहीण. छत मागपर्यंत सरळ गेलेलं, डिकी ऐसपैस, आणि सगळी गाडी जमिनीपासून चार बोटं वर उचललेली. डिकीचा काठ खाली असल्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्याला उचलून ठेवावं लागलं नसतं. वळणावर ती उंच गाडीसारखी डुलत नव्हती, खड्ड्यात तिचं पोट घासत नव्हतं, आणि गल्लीच्या तोंडाशी एका दमात वळत होती.

"ना धड जीप, ना धड मोटार," दीर म्हणाला. "वर कोट आणि खाली पायजमा."

"पायजम्यात माणसाला नीट बसता-उठता येतं, भाऊजी," ती म्हणाली.

बसणं-उठणं हाच खरा मुद्दा होता, आणि त्याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

सासूबाईंच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले होते. त्याआधी त्या दर बुधवारी नदीपलीकडे आपल्या थोरल्या बहिणीकडे जायच्या. मावशींचे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. मावशींना घर सोडता येत नसे, म्हणून जायचं ते सासूबाईंनीच. ऑपरेशननंतर त्या एकदाच गेल्या. जुनी गाडी बसकी. मावशींच्या फाटकाशी पोचल्यावर त्यांना काही केल्या बाहेर येता येईना. शेवटी दोन मुलांनी दोन दंड धरले, धाकट्याने "एक, दोन, तीन" म्हटलं आणि बाटलीचं बूच निघावं तशा त्या बाहेर आल्या. समोरच्या गच्चीवरून दोन बायका बघत होत्या. सासूबाई हसल्या, चहा प्यायल्या, सगळ्यांशी बोलल्या. त्यानंतर मात्र एकाही बुधवारी त्यांचं जाणं झालं नाही. कधी डोकं दुखायचं, कधी ऊन फार असायचं, कधी नेमकं त्याच दिवशी कपाट आवरायचं असायचं. बहिणी फोनवर बोलायच्या, पण दोघींनाही कमी ऐकू येत असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते भांडणच वाटे. फोन ठेवल्यावर सासूबाई बराच वेळ नुसत्या बसून राहायच्या.

सुनेने ठरवलं की गाडी घ्यायची ती या बुधवारांसाठी. तसं ती कोणाला बोलली नाही. सासूबाईंना तर नाहीच, कारण त्यांना खुब्याचा विषय काढलेला खपत नसे. तिने घरातल्या बसायच्या जागा गुपचूप मोजल्या. जेवणाच्या टेबलाची खुर्ची पंचेचाळीस सेंटिमीटर. पलंग बावन्न. मागच्या दाराचा कट्टा छप्पन. स्वयंपाकघरातलं स्टूल एकसष्ट. मग दोन आठवडे ती वही घेऊन जवळपास कुठेतरी बसायची, प्रयोगशाळेचं काम करतेय असं दाखवायची आणि सासूबाई कुठून कशा उठतात ते टिपून ठेवायची. निकाल पाहून तिचा तिलाच विश्वास बसेना. कट्ट्यावरून, हात न टेकता. पलंगावरून, हात न टेकता. अगदी खुर्चीवरूनसुद्धा, हात न टेकता, नऊ वेळा.

तिला बरं वाटलं. खुबा सुधारला होता, भीती तेवढी मनात उरली होती. तिने तक्त्यातला सीटच्या उंचीचा रकाना काढून टाकला. तक्त्यातली प्रत्येक गाडी पंचेचाळीसच्या वरच होती.

शनिवारी सगळे शोरूममध्ये गेले. मुलगी कुत्र्यासोबत शेजारणीकडे राहिली. विक्रेता तरतरीत होता, लाल टाय लावलेला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बघा तुम्हीच" म्हणायचा. दिराने पाच मिनिटांत त्याचं नाव टायसाहेब ठेवलं. चाचणीची वॅगन आवारात उभी होती. चालकाशेजारचं दार उघडलं, सासूबाईंनी आधी बूड टेकलं, मग एकेक पाय आत घेतला. फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं अगदी तसं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पाय लांब करता येतात."

"चल आई, आता जीपही बघून घेऊ," दीर म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. मी बसते जरा."

मंडळी जीप बघून आली. सासूबाई बसलेल्याच. टायसाहेबांनी डिकी उघडून दाखवली, मागची सीट दुमडून दाखवली, सुटं चाक दाखवलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "रेडिओचा आवाज चांगला आहे हो." रेडिओ लागलेलाच नव्हता.

"आई, उतरतेस ना?" नवऱ्याने विचारलं.

"घाई काय आहे? इतकी किमतीची वस्तू घ्यायची, बसून तर बघू दे."

टायसाहेब लगबगीने पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "या आजी, मी धरतो. एक, दोन..."

"मी बसलेय म्हटलं ना!" सासूबाई इतक्या जोरात म्हणाल्या की टायसाहेबांचे हात हवेतच राहिले.

सुनेने नवऱ्याकडे पाहून मान हलवली. "तुम्ही दोघं साहेबांना घेऊन जीप चालवून या. जवळच्या चौकापर्यंत." दिराला तेवढंच हवं होतं. तिघे गेले. ती वॅगनला वळसा घालून चालकाच्या जागी येऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं.

"येत नाहीये ना उठता?"

सासूबाई समोरच्या काचेतून बघत राहिल्या. "सीट खोल आहे."

"छप्पन आहे, आई. मागच्या दाराच्या कट्ट्याइतकी. घरी तर तुम्ही जेवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठता. ती पंचेचाळीस."

"पंचेचाळीस काय?"

"सेंटिमीटर."

"म्हणजे तू मोजलंस." सासूबाईंनी आता तिच्याकडे पाहिलं. "तरीच. पलंगाखाली टेप विसरली होतीस. आणि ती वही! मी उठले की तुझं पेन चाललंच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डोळ्यांचं ऑपरेशन नव्हतं झालं माझं." त्यांनी आवाज खाली आणला. "मला वाटलं, डॉक्टरांनी तुला लिहायला सांगितलंय. नापास झाले की पुन्हा कापायला नेणार. म्हणून तू बसलेली असलीस की उठायचे मी तशी. दात-ओठ खाऊन. तू निघून गेलीस की पुन्हा बसायचे, ते तासभर काही उठायचे नाही. तू नसलीस की जेवणाच्या खुर्चीवरून तर मी टेबल ओढून धरल्याशिवाय उठतच नाही. टेबलाचे पाय बघ एकदा. फरशीवर ओरखडे आहेत."

काँक्रीटच्या ठोकळ्याला आपल्याकडे कोणी बघतंय हे कळत नाही. तो बघणाऱ्याला खूश करायला दहा टन जास्त पेलत नाही, आणि पुन्हा यंत्रात घालतील म्हणून घाबरतही नाही. अठरा वर्षं असले ठोकळे दाबून सुनेला वाटत आलं होतं की आपल्याला मोजता येतं. दोन आठवड्यांची सगळी पानं रद्दी झाली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या पानांसाठी एका बाईने रोज स्वतःचा खुबा दुखवून घेतला होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "कोणी कुठे कापायला नेणार नाहीये. मी गाडीसाठी मोजत होते. तुम्हाला बुधवारी मावशींकडे जाता यावं म्हणून."



"विचारायचं तरी होतंस," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही खरं सांगितलं असतंत?"

सासूबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं सांगितलं. पण विचारायचं होतंस."

"मग आता विचारते. न दुखता कुठून उठता येतं?"

"स्टुलावरून. बाकी कशावरूनच नाही. आणि हाताला काहीतरी घट्ट धरायला लागतं. माणूस नको. माणूस ओढतो."

एकसष्ट. सून गाडीतून उतरली आणि पलीकडून येऊन उघड्या दाराशी उकिडवी बसली. सीटच्या कडेला एक दांडी होती. टायसाहेबांनी डिकी, मागची सीट, सुटं चाक, सगळं दाखवलं होतं, पण ही दांडी काही दाखवली नव्हती. तिने ती वर ओढली. सीट सासूबाईंसकट नखभर वर आली.

"अगं अगं! काय करतेस?"

"वर घेतेय तुम्हाला."

"जॅक लावतेय मेली!" सासूबाईंना हसू फुटलं. "पंक्चर झालंय का मला?"

दांडी नऊ वेळा ओढल्यावर थांबली. सुनेने पर्समधून टेप काढली, आणि या वेळी सासूबाईंच्या देखत लावली. "बासष्ट."

"दाखव." सासूबाईंनी चष्मा सारखा करून स्वतः आकडा वाचला. मग दोन्ही पाय बाहेर टेकले, उजव्या हाताने डॅशबोर्डची कड धरली, डाव्या हाताने दाराच्या चौकटीचा खांब. पहिल्या खेपेला अर्ध्यावरून परत बसल्या. सुनेचा हात नकळत पुढे झाला. सासूबाईंनी तो नजरेनेच मागे घ्यायला लावला. दुसऱ्या खेपेला त्या पाय थोडे आत घेऊन उठल्या. उठल्या, आणि उभ्या राहिल्या.

"दुखलं?"

"थोडं. खरं सांगतेय."

तेवढ्यात जीप परत आली. दीर वरून उतरला, चेहरा उजळलेला. "आई, एकदा बसून तर बघ! राजासारखं वाटतं."

सासूबाई जीपच्या दाराशी गेल्या. सीट त्यांच्या कमरेच्याही वर होती. त्यांनी पायरीवर डावा पाय ठेवला, वर पाहिलं आणि पाय परत खाली घेतला. "राजाला चढवायला माणसं असतात रे. मला नकोत." मग सुनेला म्हणाल्या, "लिही. जीप, शून्य."

"वहिनी, हे बरोबर नाही हं. उंची हा एकच मुद्दा नाही," दीर म्हणाला.

"बाकीचे मुद्दे मी महिनाभर मोजले, भाऊजी. ते सगळे मिळूनही या एकाच्या पासंगाला पुरत नाहीत," ती म्हणाली. नवऱ्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या दांडीकडे, आणि त्या दिवसापुरतं तरी मत बदललं नाही.

"चाचणी फेरी कुठपर्यंत मिळते हो?" सासूबाईंनी टायसाहेबांना विचारलं.

"चौकापर्यंत, आजी. तिथून परत."

"नदीपलीकडे चालेल का? तिथे रस्ता उतरता आहे. सपाटीवर काय, कोणीही उठेल."

टायसाहेब आत जाऊन मॅनेजरला विचारून आले. नियमाप्रमाणे ते मागच्या सीटवर बसले. दोन्ही भाऊ शोरूममध्ये थांबले. सून चालवत होती. पुलावरच्या सांध्यांवर गाडी धडधडली नाही, वळणावर सासूबाईंनी हात कुठे टेकला नाही. एरवी तिने दोन्ही गोष्टी मनात टिपल्या असत्या, पण आज तिचं लक्ष पुढच्या उतारावर होतं.

मावशींच्या फाटकाशी रस्ता गटाराकडे कललेला होता. गाडी उभी केल्यावर सासूबाईंची बाजू खालच्या अंगाला आली. पाय टेकायला जमीन आणखी खाली गेली होती. हे सुनेच्या लक्षात आलं तसं सासूबाईंच्याही आलं.

"गाडी वळवून लावते, आई. तुमची बाजू वर येईल."

"थांब. आधी अशीच बघते."

त्यांनी दार उघडलं. पाय बाहेर काढले. खांब धरला. मागून टायसाहेब उतरायच्या तयारीत पुढे सरकले, तशी सून आरशात बघून हळूच म्हणाली, "बसा." तिने स्वतःचे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत राहिली. शेजारी श्वास जोरात आत गेला. सीटची स्प्रिंग वाजली. मग बराच वेळ काहीच नाही.

तिने वळून पाहिलं तेव्हा सासूबाई रस्त्यावर उभ्या होत्या आणि पदर सारखा करत होत्या.

फाटक उघडून मावशी बाहेर आल्या होत्या. "आज शनिवार ना गं?" त्या ओरडल्या.

"शनिवारच!" सासूबाईही ओरडल्या. "राहिलेले बुधवार फेडायला आलेय!"

"कोणाची गाडी ही?"

"आमची. घ्यायचीय अजून."

मावशी पुढे आल्या, बहिणीचं कोपर धरायला त्यांनी हात केला, आणि सासूबाईंनी तो धरू दिला. दोघी पायऱ्यांकडे निघाल्या. दाराशी पोचल्यावर सासूबाई वळल्या. "अगं, त्या टायवाल्या मुलालाही बोलाव चहाला. आणि तोवर गाडी वळवून लाव. जाताना कशाला उगाच त्रास?"

सुनेने इंजिन पुन्हा सुरू केलं.