अंजिराखालची ओल

त्या उन्हाळ्यात नदी आटली, आणि गावच्या कौन्सिलात पाण्याचं खातं सांभाळणाऱ्या रेजिस काँबेलला एकदम महत्त्व आलं. बागेला पाणी घालायचं नाही, गाड्या धुवायच्या नाहीत, घरच्या पोहण्याच्या हौदात नवं पाणी सोडायचं नाही, असे नियम निघाले. रेजिसने ते नको तितके मनावर घेतले. सुरुवात आपल्यापासून करावी म्हणून त्याने स्वतःच्या हौदाचा आपोआप भरणारा नळ बंद केला, आणि ही गोष्ट गावात कोणालाही कळल्यावाचून राहणार नाही याची नीट काळजी घेतली. चौकातल्या चिनारांखाली लोखंडी गोळ्यांचा डाव टाकणाऱ्या म्हाताऱ्यांना त्याने ती दोनदा सांगितली.

रेजिसचं घर उतारावर वरच्या अंगाला होतं. त्याच्या कुंपणाच्या दगडी भिंतीखाली मादाम व्हियालांची बाग होती. ओदील व्हियाला म्हणजे शाळेतल्या जेवणघराच्या जुन्या स्वयंपाकीण. अर्ध्या गावाने लहानपणी त्यांच्या हातचं सूप प्यायलेलं, रेजिसनेही. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच होत्या, आणि बाग हाच त्यांचा संसार होता. आता सगळ्या गावाच्या बागा करपून गेलेल्या असताना मादाम व्हियालांचा घेवडा मांडवावर चढत होता आणि भिंतीलगतचं अंजिराचं झाड दाट हिरवंगार होतं.

बाजाराच्या दिवशी पाववाल्याच्या दुकानासमोर, माणसांची रांग लागलेली असताना, रेजिसने बाईंना गाठलं. बाजूला घेऊन बोलता आलं असतं. पण मग ते बाकीच्यांना कसं ऐकू गेलं असतं?

"सगळं गाव भाज्या धुतलेलं पाणी जपून वापरतंय मादाम, आणि तुमच्याकडे जंगल माजलंय," तो म्हणाला. "रात्री नळ सोडता, दुसरं काय."

बाईंचा चेहरा उतरला. "मी नळाला हात लावलेला नाही रेजिस. भिंतीखालची माती आपोआप ओली राहते, मलाही कळत नाही. तू येऊन बघ ना एकदा."

"यायची काय गरज? रंग इथूनही दिसतोय."

रांगेत कोणीतरी हसलं. रेजिसला ते हसणं गोड लागलं.

त्यानंतर गावाने आपलं काम चोख केलं. गुरुवारच्या पत्त्यांच्या डावाला बाईंना कोणी बोलावेना. त्यांच्या फाटकावर कोणीतरी एक जुनी पत्र्याची बादली उलटी टांगून ठेवली. बाई ती काढायला गेल्या नाहीत. त्या आता पाव आणायला भर दुपारी येऊ लागल्या, दुकान बंद व्हायच्या बेताला, जेव्हा चौकात चिटपाखरूही नसे. येताजाता ती बादली रेजिसच्या नजरेला पडायची. बरी अद्दल घडली, असं त्याच्या मनात यायचं.

इकडे त्याच्या हौदाचं पाणी उतरत होतं. आधी त्याने उन्हाला दोष दिला, मग नातवंडांच्या उड्यांना. पुढे पुढे त्याला वाटायला लागलं की म्हातारी भिंतीवरून नळी टाकून पाणी ओढत असणार. एक दिवस तो भिंतीशी वाकून नळीच्या खुणा शोधत होता, तेव्हा त्याच्या बायकोने, सोलांजने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला पाहिलं.

"ऐंशी वर्षांची बाई भिंतीवर चढेल का रे?" ती म्हणाली. "आधी आपलं घर बघ."

तिच्या टोमण्याने चिडून का होईना, त्याने पाणी भरलेली बादली हौदाच्या पायरीवर ठेवली आणि बादलीत व हौदात पाण्याच्या रेषेवर खुणा केल्या. ऊनच पीत असेल तर दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरायला हवं. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी जेमतेम बोटाच्या पेराएवढं उतरलं होतं, हौदातलं चांगलं चार बोटं. म्हणजे हौदच गळत होता. बहुतेक वसंतापासून गळत असावा. बंद करेपर्यंत तो आपोआप भरणारा नळ गुपचूप तूट भरून काढत होता, म्हणून कळलं नाही.

त्याने पंप बंद केला, पाणी स्थिर होऊ दिलं, सोलांजच्या केकमध्ये घालायचा लाल रंग एका पिचकारीत घेतला आणि पाण्यात उतरला. कोपऱ्याकोपऱ्याशी थोडा थोडा रंग सोडत गेला. सगळीकडे रंग जागच्या जागी तरंगत राहिला. हौदातल्या पाण्याखालच्या दिव्याच्या खोबणीपाशी मात्र त्याची एक बारीक लाल रेघ झाली आणि हौदाच्या भिंतीतल्या भेगेत सरळ आत ओढली गेली.

रेजिस पाण्याबाहेर आला आणि ओल्या अंगानेच कुंपणाच्या भिंतीपाशी गेला. दिव्याच्या नेमकं खाली मादाम व्हियालांचं अंजिराचं झाड होतं. भिंतीच्या दगडांतून ओल पाझरत होती. त्याने दगडाला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. हौदातल्या औषधाचा वास आला.

बाईंनी 'येऊन बघ' म्हटलं होतं, आणि त्यात एका मिनिटाचं काम होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की आरशातही बघवेना. पण लाज वाटणं वेगळं आणि ती चारचौघांत कबूल करणं वेगळं. त्याने पाण्याखाली घट्ट होणारी पुट्टी आणली, श्वास रोखून बुड्या मारत भेग बुजवली, आणि तोंडाला कुलूप घातलं. गळती थांबली, आता आपोआप सगळं विसरलं जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. सोलांज मात्र जेवताना त्याच्याकडे बघेनाशी झाली.

विसरलं काहीच गेलं नाही. ओल तुटली तसा आठवड्याभरात घेवडा माना टाकू लागला, अंजिराची पानं पिवळी पडली. गावाने ते लगेच टिपलं.

"बघ, तू एकदा दम दिलास आणि म्हातारी सुधारली," गोळ्यांच्या डावातल्या मार्सलँने रेजिसच्या पाठीवर थाप मारली. "मी म्हणतच होतो, तिथं कुठंतरी पाणी मुरतंय. तू होतास म्हणून चोरी पकडली गेली." बाकीच्यांनीही शाबासकी दिली. कॅफेवाल्याने त्याच्यापुढे फुकटचा पेला ठेवला. रेजिसने तो घेतला आणि रिकामा केला. त्याने आपल्या हौदाची भेग बुजवली होती, आणि त्यानेच बाईंवरचा आळ पक्का झाला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाववाल्याच्या दारात मादाम व्हियाला त्याच्या समोर आल्या. चुकवायला वाट नव्हती.

"माझी ओल गेली रेजिस," त्या हळूच म्हणाल्या. "तुझी दुरुस्ती झाली वाटतं."

त्याची मान खाली गेली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मातीला वास येत होता. पण तुझं नाव घेऊन कोणाला सांगू? आणि माझ्यावर विश्वास तरी कोण ठेवणार?" त्यांनी पाव पिशवीत घातला आणि त्या उन्हातून निघून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

बाजाराच्या दिवशी, चौक भरलेला असताना, रेजिस आपल्या हौदातल्या पाण्याने भरलेल्या दोन झाऱ्या घेऊन उतरणीवरून खाली आला. मार्सलँच्या हातातला गोळा हातातच राहिला.

"हे काय रे? नियम फक्त आम्हालाच का?"

रेजिसने झाऱ्या खाली ठेवल्या. "हे माझ्या हौदाचं पाणी आहे," तो म्हणाला. "मादाम व्हियालांची बाग याच पाण्यावर हिरवी होती. माझा हौद फुटला होता. त्यांनी नळाला हातसुद्धा लावला नव्हता." तो थांबला. पुढचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. "मला हे कळून आठवडा झाला. भेग बुजवली आणि गप्प बसलो. वर तुमची शाबासकीही घेतली."

मार्सलँ बुटाच्या टोकाने धूळ उकरत राहिला. पावाच्या रांगेतून त्या दिवशीचं ते हसणं आज आलं नाही. रेजिसने झाऱ्या उचलल्या आणि तो सगळ्यांच्या देखत खालच्या गल्लीत वळला. कान इतके तापले होते की त्याला स्वतःची पावलंही ऐकू येईनात.

मादाम व्हियाला फाटकाशी उभ्या होत्या. चौकातलं बोलणं इथपर्यंत ऐकू येत असे.

"घेवडा गेला," त्या म्हणाल्या. "अंजिराला घाल. हळू, मुळाशी."

त्याने घातलं. तहानलेल्या मातीने दोन्ही झाऱ्या गटकन गिळल्या. झाड होतं तसंच पिवळं राहिलं.

"एवढ्याने भागायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी फाटकावरची उलटी बादली काढली, सुलटी केली आणि त्याच्या हातात दिली. "ही पण भरून आण. आणि चौकातूनच ये."